वायर न ओढलेले घर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

स्वस्तात, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या लहान घराविषयी जगात जे लिहिले गेले, त्यात सामानाच्या एका यादीइतके क्वचितच काही वाचले गेले असेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ मध्ये १० फूट रुंद आणि १५ फूट लांब अशी एक खोली बांधली आणि तिचा खर्च अर्ध्या सेंटपर्यंत लिहून ठेवला. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, खिळे ३ डॉलर ९० सेंट, हजार जुन्या विटा ४ डॉलर, काचांसकट दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट, खडू १ सेंट. चुना महाग पडला ही कुरकुरही तिथेच नोंदलेली आहे. आपल्या भागातल्या कॉलेजचा विद्यार्थी नुसत्या खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे भरतो, हे त्याने मुद्दाम सांगितले आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्याने ही यादी आधी वाचावी, पण हातात पेन्सिल घेऊन. यादीत जमीन नाही, कारण ती त्याचा मित्र राल्फ वॉल्डो इमर्सन याची होती. झाडे, दगड आणि वाळू तिथलीच, म्हणून तीही नाहीत. मजुरी नाही. स्वतःची नाही, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला सांगाडा उभा करायला जमलेल्या ओळखीच्या मंडळींचीही नाही. बहुतेक फळ्या आल्या त्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराच्या झोपडीच्या. फिचबर्ग रेल्वेवर राबणाऱ्या कॉलिन्सने ती झोपडी सव्वाचार डॉलरला विकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बायको-मुलासह चंबूगबाळे उचलून तो चालता झाला. थोरोने ती झोपडी मोडली, फळ्या छकड्याने तळ्याकाठी नेल्या आणि तिथल्या गवतावर पसरून उन्हात वाळवल्या. मधल्या वेळात चांगले खिळे एका शेजाऱ्याने खिशात घातले, हेही त्याने लिहायचे सोडले नाही. थोरोने काहीच लपवलेले नाही. सगळे त्याच्या पुस्तकात आहे, फक्त बेरजेत नाही.

वायर न ओढलेल्या, म्हणजे विजेच्या जाळ्याबाहेरच्या, स्वस्त घराचा अभ्यास हा मुख्यतः पुस्तक आणि बेरीज यांतल्या या फरकाचा अभ्यास आहे, असे माझे मत आहे. घर स्वस्त झाले असे आपण म्हणतो तेव्हा खर्च बहुधा नाहीसा झालेला नसतो. तो पैशाच्या रकान्यातून उठून दुसरीकडे जाऊन बसलेला असतो. कधी तो बांधणाऱ्याच्या रविवारांत असतो, कधी घरातल्या बाईच्या कमरेत, कधी गावाच्या सामाईक जंगलात, कधी दहा वर्षांनंतरच्या दुरुस्तीत. तो कुठे गेला हे शोधता आले, की कोणते घर खरोखर स्वस्त आणि कोणते फक्त फोटोत स्वस्त, हे कळू लागते.

या विषयाचा स्वतंत्र विभाग विद्यापीठात सहसा सापडणार नाही. भिंत आणि छप्पर स्थापत्याकडे, बॅटरी ऊर्जा अभियंत्यांकडे, पाडे आणि वाड्या मानववंशशास्त्राकडे, सातबारा महसूल कायद्याच्या जाणकारांकडे, अशी त्याची वाटणी झाली आहे. त्यामुळे नवख्या वाचकाने बिचकू नये. इथे प्रत्येकच जण दुसऱ्याच्या अंगणातून आलेला आहे. कौलांची लाकडी चौकट बांधणारा सुतार आणि पीएचडीचा विद्यार्थी हे दोघे इथे एकमेकांना उपयोगी पडू शकतात. फार थोड्या विषयांत असे घडते.

या घरांचे दोन वंश आहेत, आणि त्यांची गाठ क्वचित पडते. पहिला वंश हौसेने किंवा वैराग्याने बाहेर पडलेल्यांचा. जपानमध्ये कामो नो चोमेई या कवीने १२१२ मध्ये आपल्या दहा फूट चौरस झोपडीविषयी लिहिले. ती सुटी करून दोन गाड्यांत घालून हलवता येत असे. थोरो याच वंशातला, आणि आज पुण्या-मुंबईतून मुळशी, वेल्हे, कर्जतकडे जमीन शोधत फिरणारी जोडपीही. दुसरा वंश ज्यांच्यापर्यंत वायर पोचलीच नाही त्यांचा. गडचिरोलीत हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे कित्येक वर्षे विजेशिवाय राहिले. त्यांच्या या राहण्याबद्दल आपण आदराने बोलतो, पण आजूबाजूचे माडिया आदिवासी तसेच राहत होते आणि त्याला कोणी प्रयोग म्हणत नव्हते. पुस्तके पहिल्या वंशाने लिहिली, कसब दुसऱ्याकडे राहिले. या अभ्यासाने काही करायचे असेल तर आधी या दोघांना एका ओटीवर बसवायला हवे.

कसबाचे उदाहरण म्हणून कुडाची भिंत घेऊ. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या सरळ, हलक्या काठ्या उभ्या लावून, आडव्या बांधून, दोन्ही बाजूंनी शेणमातीचे लिंपण दिले की कूड तयार होतो. जव्हार-मोखाड्याकडच्या वारली पाड्यांत ही भिंत आजही दिसते. वारली चित्रांवर किती लिहिले गेले. ती चित्रे ज्या भिंतीवर उमटली तिच्याबद्दल त्या मानाने फार थोडे. ही भिंत पातळ असते, भार घेत नाही. भार मेढींवर, आढ्यावर आणि वाशांवर असतो. ती श्वास घेते, फटीतून वारा येतो, आणि उधई लागली तर तेवढाच तुकडा काढून नवा बसवता येतो. पैशांत तिचा खर्च जवळपास शून्य. पण कारवी जंगलातून आणावी लागते, लिंपण दर वर्षी, सारवण दर आठवड्याला करावे लागते, आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत छपराची शाकारणी उरकावी लागते. जंगलाची वाट बंद झाली तर ही शून्य रुपयांची भिंत एका रात्रीत सर्वांत महाग होते. म्हणून पाड्यावर सिमेंटचे ठोकळे दिसले की ‘परंपरा बुडाली’ म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्यांशी माझे जमत नाही. ठोकळ्याला परवानगी लागत नाही आणि तो दर वर्षी लिंपावा लागत नाही; घरातल्या बाईने हा हिशेब पाहुण्याच्या आधी केलेला असतो.

सामानाचा प्रश्न असा लगेच हक्काचा प्रश्न होतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायदा २००६ खाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हातात यायला २०११ उजाडले. जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहू नये, अशी दुरुस्ती तर २०१७ च्या अखेरीस झाली. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर वाढणारा माणगा बांबू भरीव आणि घरबांधणीला उत्तम. पण तो कच्चाच जमिनीत पुरला तर दोन-तीन वर्षांत कुजतो किंवा कीड त्याचा भुगा करते. अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडावा असे जुनी माणसे सांगतात. कीड बांबूतल्या पिठूळ अंशावर येते हे नक्की, आणि म्हणूनच बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवण्याची पद्धत रूढ झाली. कुडाळच्या कोनबॅक या संस्थेने बांबूच्या बांधकामाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या मुळाशी हीच नीरस प्रक्रिया आहे. बांबूची घरे पाहायला येणारे घुमटांचे फोटो काढतात, द्रावणाच्या टाकीचा फोटो कोणी काढत नाही.

जुने तेवढे शहाणे, हा समज मात्र दारातच ठेवून यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या झोपेत, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे आपापल्याच भिंतींखाली गेली. त्या भिंती दोन-दोन फूट आणि त्याहून जाड होत्या. आतून एक आणि बाहेरून एक असे दगडाचे दोन पदर, मध्ये कपच्या आणि माती. दोन पदरांना एकत्र धरणारे आरपार दगड जवळपास नाहीतच. वर माळवद. माळवद गळते म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर मातीचा आणखी एक थर टाकायचा, ही तिकडची रीत. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले आणि डोक्यावर कित्येक टन माती साठली. म्हणजे ज्याला आपण प्रेमाने देखभाल म्हणतो तिनेच घर मारक केले. जिथे खणाचे घर होते, लाकडी खांब आणि तुळया स्वतंत्र उभ्या होत्या, तिथे भिंती बाहेर कोसळूनही सांगाडा उभा राहिल्याची आणि माणसे वाचल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदली. पुढे मजबुतीकरणात सांगितले गेले ते उपाय साधे होते : जोडदगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती उतरवा. पण मराठवाड्यातल्या माणसाचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. आजही मातीच्या घराची कार्यशाळा घेणाऱ्या उत्साही मंडळींना मी पहिला प्रश्न किल्लारीचाच विचारतो. उत्तर न देता जे ‘कोब’च्या, म्हणजे हातांनी रचलेल्या मातीच्या भिंतींच्या, मऊ वळणांबद्दल बोलू लागतात, त्यांच्याकडून घर बांधून घेऊ नये.

या क्षेत्रातले थोर लोक कोण, असे विद्यार्थी विचारतात. लॉरी बेकर यांच्यापासून सुरुवात करावी. हा इंग्रज वास्तुविशारद १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांच्या बांधकामासाठी भारतात आला, हिमालयात पिथौरागडला अनेक वर्षे राहिला आणि तिथल्या गवंड्यांकडून दगड-मातीचे काम नव्याने शिकला. पुढे केरळात त्यांनी विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रुजवली. ती सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते आणि पोकळीमुळे ऊनही अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताणाला फारसे उपयोगी नसते, नुसते वजन वाढवते, म्हणून तिथे मंगलोरी कौले घालायची, ही दुसरी युक्ती. दोन्हींत चमत्कार नाही. प्रत्येक वस्तू इथे कशासाठी आहे, हे विचारण्याची फक्त सवय आहे. त्यांच्या चित्रमय पुस्तिका शाळकरी मुलालाही कळतात, आणि माझ्या मते वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला त्या सक्तीच्या कराव्यात.

बेकर यांच्या शेजारी वास्तुविशारद वॉल्टर सेगल यांना ठेवावे. लंडनच्या लुईशॅम भागात, घरांच्या प्रतीक्षायादीतल्या सामान्य माणसांनी त्यांच्या पद्धतीने स्वतःची घरे उभारली. सेगल यांचे सूत्र असे, की बाजारात फळी ज्या मापाची मिळते त्याच मापावर घर आखा, म्हणजे कापाकापी नाही आणि वाया जाणे नाही. आपल्याकडे आठ बाय चारचा प्लाय आणि ठरावीक रुंदीचा पत्रा विकत घेऊन त्यातला पाचवा हिस्सा भंगारात टाकणाऱ्यांना हे सूत्र तातडीने लागू आहे. इजिप्तचे हसन फथी यांचे काम वाचायचे ते यशासाठी कमी आणि अपयशासाठी जास्त. लक्सरजवळ नव्या गुर्नात त्यांनी १९४५ ते ४८ या काळात मातीच्या विटांचे, आधाराच्या लाकडी साच्याशिवाय वळवलेल्या कमानींचे देखणे गाव उभे केले. ज्यांच्यासाठी ते उभे केले ते लोक जुने घर सोडून तिथे जायला तयार नव्हते.

आणखी एक नाव घेतो, कारण त्याच्याइतका प्रामाणिकपणा या क्षेत्रात विरळा. अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात भूमितीच्या घुमटाकार घरांचे वेड आले. लॉइड कान यांनी १९७० आणि १९७१ मध्ये घुमट कसा बांधावा याची दोन पुस्तके काढली, आणि ती भराभर खपली. मग लक्षात आले की एवढे सांधे म्हणजे एवढ्या गळत्या. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, त्रिकोणी तुकडे कापताना माल वाया जातो. कान यांनी आपले खपणारे पुस्तक पुन्हा छापायचे बंद केले आणि १९७३ मध्ये साध्या, जुन्या घरांवरचे ‘शेल्टर’ काढले. महाराष्ट्रात पावसाळ्यात घुमट बांधायला निघालेल्या प्रत्येकाला ही हकिकत ऐकवावी. बहुतेक जण ऐकून घेतात आणि तरीही घुमटच बांधतात.

महाराष्ट्रातले या विषयाचे तीर्थक्षेत्र म्हणजे वर्ध्याजवळचे सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला आले; गावाचे हे नवे नाव नंतरचे. तिथली घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची, स्थानिक सामान आणि स्थानिक कारागीर हा आग्रह ठेवून बांधलेली. पुढे बापूकुटी झालेले घर मुळात मीराबेनने आपल्यासाठी बांधले होते आणि भिंतींवरची उठावाची झाडेही तिच्या हातची. १९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच इथे येऊन बोलला आणि या कुटीवरचे त्याचे भाषण जगभर वाचले गेले. मी या कुटीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. तिच्याजवळ व्हाइसरॉयशी बोलण्याकरिता बसवलेला टेलिफोन होता, तो आजही आश्रमात दाखवतात. आणि जमीन होती शेगावचे मालगुजार जमनालाल बजाज यांची. वॉल्डनला जे इमर्सनने केले ते इथे बजाजांनी केले. साधे घर उभे राहते तेव्हा त्याच्या पाठीशी एक जमीनमालक आणि एक संपर्काची तार बहुधा असतेच. यात कुटीचे मोल कमी होत नाही. पण नक्कल करणाऱ्याने भिंतीच्या मापाबरोबर या दोन गोष्टीही टिपून घ्याव्यात.

आता विजेकडे येतो. हौशी मंडळी तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच पैसे घालवतात. दोघांच्या घराचे गणित करू. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास म्हणजे ९० वॅट-तास. बीएलडीसी मोटरचा ३० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २४०. ५० वॅटचा लॅपटॉप तीन तास म्हणजे १५०. फोनला ३०. सगळे मिळून ५१०, म्हणजे रोज अर्धे युनिट आणि महिन्याला सुमारे १५ युनिट. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत २०० वॅटचे पॅनल, गळती धरूनही, एवढी वीज देते. आता स्वयंपाकघरात या. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये जवळपास १८० युनिट ऊर्जा असते. दोघांना तो दोन महिने पुरला तरी महिन्याला ९० युनिट झाली, विजेच्या सहापट. वायर तोडल्याचा अभिमान बाळगणारे घर दर दोन महिन्यांनी सिलिंडरची वाट पाहत असेल, तर ते अजून डांबरी रस्त्याला आणि ट्रकला बांधलेलेच आहे. म्हणून या क्षेत्रात दिव्यापेक्षा चूल मोठी. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटे आणि पिष्टमय टाकाऊ अन्न खाणारा छोटा बायोगॅस घडवला, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यात गुंतागुंत आहे ती तंत्राची नाही, नेमाची. संयंत्राला रोज खाऊ घालावे लागते, आणि आठवडाअखेर येणाऱ्या मालकाला ते जमत नाही.

परदेशी पुस्तके वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. ती थंडीच्या मुलखात लिहिलेली आहेत. त्यांची पाने भिंतीत ऊब कशी कोंडावी, लाकडाची शेगडी कुठे ठेवावी, यांनी भरलेली असतात. आपल्याकडचे शत्रू वेगळे : चार महिने आडवा पाऊस, उधई, बुरशी, पत्र्याखालचा मे महिना, आणि कोकणात माकडे. कोकणातल्या कौलारू घरांवर पत्रा चढला तो केवळ आधुनिकतेच्या हव्यासाने नव्हे. माकडांनी कौले फोडून शाकारणीचा खर्च आवाक्याबाहेर नेला, हे तिथले कोणीही सांगेल. मातीच्या भिंतीला आपल्याकडे दोनच गोष्टी वाचवतात, उंच जोते आणि लांब वळचण. बाकी सगळे लेप-मुलामे त्यानंतर.

पावसाचा आणखी एक पेच आहे. जुलैत घाटमाथ्यावर सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही आणि पॅनल तिसऱ्या हिश्श्यावर, कधी त्याच्याही खाली येते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही, हा नियम याच दिवसांत मोडला जातो आणि दिवाळीपर्यंत ती बॅटरी मरते. पण नेमके त्याच दिवसांत ओढे भरून वाहत असतात. सेकंदाला ५ लिटर पाणी १० मीटर उंचीवरून आणले आणि निम्मी ताकद वाया गेली असे धरले, तरी जवळपास २४५ वॅट मिळतात, तेही दिवसरात्र. म्हणजे रोज सहा युनिटच्या घरात. सूर्य आणि ओढा एकमेकांच्या पाळ्या सांभाळू शकतात, हे सह्याद्रीचे खास देणे आहे आणि त्यावर अभ्यास अजून फार कमी आहे. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने पुढचे शोधणे थांबवायला हरकत नाही.

पाण्याचे गणित त्याहून सोपे आणि अधिक निर्दय. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३० चौरस मीटरचे छप्पर आणि कोकणातला ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला पाचवा भाग वाया गेला तरी ७२,००० लिटर. दोघांना माणशी ४० लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना १९,२०० लिटर लागतात. म्हणजे पाऊस जवळपास चौपट आहे, नाही ती टाकी. हेच छप्पर माण-खटावात ५०० मिलिमीटर पावसात नेले तर १२,००० लिटरच देते, आणि मग टाकी कितीही मोठी बांधा. त्या प्रदेशात एकटे स्वावलंबी घर ही कल्पनाच तपासून घ्यावी लागते. तिथे पाणी गावाने मिळूनच अडवावे लागते.

मैल्याबद्दल लिहायला लोक लाजतात. मराठी वाचकाला लाजायचे कारण नाही, कारण या विषयात आपली परंपरा जुनी आहे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस मिळवल्याची नोंद आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे खत करणारे संडास बांधले, वापरले आणि स्वतः उपसले. त्यांना हे काम जातिभेदाच्या मुळाशी जाणारे वाटत होते, बचतीचे साधन एवढेच नव्हे. आज परदेशातून आलेल्या ‘कंपोस्ट टॉयलेट’च्या पुस्तिका वाचणाऱ्या तरुणांना अप्पासाहेबांचे नाव ठाऊक नसते, हे या क्षेत्राच्या अभ्यासातले सर्वांत वाईट छिद्र मला वाटते. खड्डा कोण उपसणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या समाजात कोणतेही स्वावलंबी घर पूर्ण होत नाही.

कायद्याचे प्रकरण लांब आहे, इथे दोनच वाक्ये. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सर्वसाधारणपणे आधी शेतकरी असावे लागते. शेतघर बांधण्याची मुभा जमीन महसूल संहिता १९६६ देते, पण ते शेतीसाठीच असावे लागते आणि त्याच्या आकाराला मर्यादा असतात. स्वस्त घर पाडले जाते तेव्हा ते फार महाग पडते, एवढे लक्षात ठेवून तलाठ्याकडे आधी जावे आणि गवंड्याकडे नंतर.

थोरोच्या यादीतली एक नोंद मी मुद्दाम मागे ठेवली होती. राहण्याचा खर्च मांडताना तो सांगतो, की धुणे आणि शिवणटाका बहुतेक घराबाहेर होत असे आणि त्याचे बिल अजून आलेले नाही. हे बिल कधीच आले नाही. ‘आम्ही दोघांनी मिळून घर बांधले’ असे सांगणाऱ्या आजच्या कहाण्यांतही सरपण, पाणी, सारवण, वाळवण आणि पाहुण्यांचा चहा यांचे तास कोणी लिहीत नाही. पंचविशीत अशा घरात राहणे आणि पासष्टाव्या वर्षी गुडघे दुखत असताना त्याच घराच्या छपरावर चढणे, यांतल्या अंतरावर फारसे काही लिहिले गेलेले नाही. घर बांधतानाचे लेखन उदंड आहे, दहाव्या वर्षाचे लेखन दुर्मीळ. वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी पेरूतल्या लिमा शहरात लोकांनी वसवलेल्या वस्त्या अभ्यासून घराकडे वस्तू म्हणून न पाहता सतत चालणारी कृती म्हणून पाहायला शिकवले. तो धडा आपण अर्धाच घेतला. बांधण्याची कृती घेतली, राखण्याची सोडली.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी पाण्यापासून सुरुवात करावी, ज्यांच्याकडे नाही त्यांनी कायद्यापासून. ज्यांना फक्त स्वप्न पाहायचे आहे त्यांनीही संकोच करू नये. त्यांच्यासाठी नकाशे आहेत. विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रकरणातली बेरीज स्वतः करून पाहावी आणि जिथे रकाना रिकामा दिसेल तिथे समासात लिहून ठेवावे. गवंडी, सुतार आणि शाकारणी करणाऱ्यांनी मात्र सरळ शेवटच्या प्रकरणाकडे जावे. तिथे दुरुस्त्यांच्या नोंदी आहेत, फार तोकड्या आहेत, आणि त्या वाढवण्याचे काम त्यांच्याइतके दुसरे कोणी करू शकणार नाही.